कृष्णविवर नको, काठीची सावली घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुटी संपली की आठवी-नववीच्या वर्गांत विज्ञान प्रकल्पांचे विषय ठरू लागतात आणि आकाशाची आवड असलेली मुले बहुधा कृष्णविवर, महास्फोट किंवा परग्रहावरील जीवसृष्टी यांपैकी एखादा विषय घेऊन घरी येतात. पुढचे काम पालक आणि कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला मिळून उरकतात. साताऱ्यात अनेक वर्षे विज्ञान शिकवताना आणि प्रदर्शनांत परीक्षक म्हणून फिरताना मी अशा मुलांना एकच प्रश्न विचारत आले : ‘यातले तू स्वतः काय मोजलेस?’ उत्तरादाखल मूल तक्त्याकडे पाही आणि तक्त्यामागे उभे असलेले वडील माझ्याकडे.

दोष मुलांचा नाही. कृष्णविवराबद्दल जितके वाचावे तितके थोडेच. परंतु वाचन वेगळे आणि प्रकल्प वेगळा, हे आम्ही शिक्षकांनीच त्यांना सांगितले नाही. मीही एका वर्षी मोटारीवर फिरणाऱ्या थर्माकोलच्या सूर्यमालेला पहिला क्रमांक दिला होता. तीत बुध आणि नेपच्यून एकाच वेगाने फेऱ्या मारत होते. प्रत्यक्षात बुधाची फेरी ८८ दिवसांत पुरी होते, तर नेपच्यूनला सुमारे १६५ वर्षे लागतात. त्याच वर्षी उत्तेजनार्थ बक्षिसावर समाधान मानावे लागलेल्या एका मुलीचा प्रकल्प मात्र मला अजून आठवतो.

तिने घराच्या गच्चीवर एक मीटरची काठी गवंड्याच्या ओळंब्याने सरळ उभी केली आणि दर रविवारी दुपारी बारा ते एक या वेळेत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खडूने खूण केली. सर्वांत आखूड सावली म्हणजे माध्यान्ह, हे तिला पुस्तकातून ठाऊक होते. पण सावली बाराला काही केल्या आखूड होईना, तेव्हा घरातले घड्याळच पुढे असावे, असे तिने ठरवून टाकले. घड्याळ बरोबर होते. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची आणि सातारा चौऱ्याहत्तर अंशांवर. अंशाला चार मिनिटे धरली, तर आपला माध्यान्ह चौतीस मिनिटे उशिरा येतो. तेवढ्यावरही ती थांबली नाही, कारण तिच्या वहीत हा माध्यान्ह नोव्हेंबरच्या सुरुवातीला बारा वाजून अठरा मिनिटांच्या आसपास होता आणि फेब्रुवारीच्या मध्यास तो जवळजवळ बारा अठ्ठेचाळीसपर्यंत सरकला होता. पृथ्वीचा आस कललेला आहे आणि तिची कक्षा पुरती वर्तुळाकार नाही, हे वाक्य आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्याचा परिणाम अर्ध्या तासाच्या फरकाने गच्चीवर दिसतो, हे मात्र त्या दिवशी परीक्षकांच्या लक्षात आले नाही.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे माध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येऊन उभ्या काठीची सावली नाहीशी होते तो दिवस, हा विषय अलीकडे लोकप्रिय झाला आहे. आपले सबंध राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तो प्रत्येक गावाला वर्षातून दोनदा मिळतो. परंतु एकदा मे महिन्याच्या सुटीत आणि एकदा ऐन पावसाळ्यात! शाळेसाठी डिसेंबरचे निरभ्र ऊन अधिक सोयीचे. २२ डिसेंबरच्या माध्यान्ही मीटरभर काठीची सावली कोल्हापुरात सुमारे ८४ सेंटिमीटर, तर नाशिकला सुमारे ९५ सेंटिमीटर पडते. ही दोन्ही शहरे जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, त्यामुळे नाशिकच्या मावसभावाला फोन करून त्याच दिवशी मोजमाप घ्यायला सांगितले, तर दोन्ही ठिकाणच्या सूर्याच्या उंचीतील सुमारे ३.३ अंशांचा फरक आणि नकाशावरून काढलेले दक्षिणोत्तर अंतर एवढ्यावर पृथ्वीचा परीघ काढता येतो. ग्रीक विद्वान एरॅटोस्थेनिसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात हेच केले होते. उत्तर तंतोतंत ४० हजार किलोमीटर येणार नाही, आणि तसे आले तर परीक्षकाने संशय घ्यावा. सूर्य बिंदू नसून अर्धा अंश रुंद असल्याने सावलीचे टोक सेंटिमीटरभर पुसट असते; त्या पुसटपणामुळे आपले उत्तर किती चुकू शकते, हे मुलाने लिहिले, तर मी त्याला सुबक मांडणीपेक्षा अधिक गुण देईन.

ज्यांना रात्रीचेच आकाश हवे, त्यांनी दुर्बिणीतून गुरूच्या चार चंद्रांच्या जागा महिनाभर काढाव्यात, किंवा गावातून आणि गावाबाहेरच्या माळावरून कृत्तिकेचे किती तारे दिसतात, ते मोजावे. (सूर्याकडे मात्र दुर्बिणीने कदापि पाहू नये.) नारायणगावजवळच्या खोडदला, तिथली रेडिओ दुर्बीण पाहायला, सहल जरूर न्यावी, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तिच्या तीस तबकड्या पाहून मुले हरखून जातात, पण तबकड्यांच्या छायाचित्रांचा तक्ता हा प्रकल्प नव्हे.

तालुका व जिल्हा प्रदर्शनांच्या आयोजकांना माझी विनंती एवढीच आहे की, यंदाच्या प्रवेशअर्जात ‘काय मोजले, किती दिवस आणि किती वाजता’ असा एक रकाना घालावा, आणि टिपणांची मूळ वही, खाडाखोडीसकट, मांडणीशेजारी ठेवणे सक्तीचे करावे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सातारा