त्सुनामी काही मिनिटांची नसते

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

26 डिसेंबरच्या निमित्ताने 2004 च्या त्सुनामीची आठवण करून देणारा लेख आपल्या अंकात वाचला. लेख कळकळीने लिहिलेला आहे. पण ‘अवघ्या काही मिनिटांत होत्याचे नव्हते झाले’ हे त्यातले वाक्य मला दिवसभर टोचत राहिले. दरवर्षी हे वाक्य कुठे ना कुठे वाचायला मिळते. माणसे मिनिटांत गेली, यात शंका नाही. परंतु त्यातून त्सुनामी म्हणजे एक भली मोठी लाट, आली तशी गेली, असा समज होतो. तो समज जीवघेणा आहे, आणि किनाऱ्यावरच्या शेतकऱ्यावर अन्याय करणाराही आहे. म्हणून हे पत्र.

रोजची लाट पाच-दहा सेकंदांत फुटते आणि मागे जाते. त्सुनामीच्या लाटेची लांबी भर समुद्रात शंभर किलोमीटरहूनही जास्त असू शकते. त्यामुळे ती किनाऱ्याला लागली की भरतीसारखी आत येतच राहते, कधी दहा मिनिटे, कधी त्याहून जास्त. मग तेवढाच वेळ पाणी मागे ओढ घेते, आणि ही ओढ आत येणाऱ्या पाण्याइतकीच घातकी असते. पत्रे, होड्या, गाड्या, माणसे, जे सापडेल ते घेऊन जाते. त्यानंतर दुसरी लाट, तिसरी, चौथी. दोन लाटांमध्ये दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत अंतर पडते. त्यातली पहिली सर्वांत मोठी असेल असा काही नियम नाही.

हवाई बेटावरच्या हिलो गावाचे उदाहरण मी माझ्या नातवंडांना नेहमी सांगतो. 22 मे 1960 रोजी चिलीत 9.5 तीव्रतेचा भूकंप झाला. हिलोला लाट पोहोचायला जवळपास पंधरा तास होते, सूचना मिळाली होती, भोंगे वाजले होते. मध्यरात्रीनंतर पहिली लाट आली ती जेमतेम सव्वा मीटरची. पाऊण तासाने दुसरी, तिच्याहून मोठी. ‘एवढेच ना’ म्हणून काही लोक थांबले, काही परत खाली आले. एक वाजून चार मिनिटांनी जी आली ती सुमारे दहा मीटरची भिंत होती. 61 माणसे गेली. त्या गावातले रस्त्यावरचे एक घड्याळ त्या क्षणी बंद पडले. ते आजही तिथे उभे आहे आणि त्याचे काटे 1 वाजून 4 मिनिटांवरच आहेत. पहिल्या लाटेनंतर तासाभराने थांबलेले ते घड्याळ आहे, हे लक्षात घ्या. कॅलिफोर्नियातल्या क्रेसेंट सिटीत 1964 साली हेच झाले. आधीच्या लाटा ओसरल्यावर लोक दुकाने साफ करायला परतले आणि सर्वांत मोठी निघाली चौथी.

जपानमध्ये 11 मार्च 2011 ला दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी भूकंप झाला. तिथल्या हवामान संस्थेने त्सुनामीची शेवटची सूचना मागे घेतली ती 13 मार्चच्या संध्याकाळी. दोन दिवसांहून जास्त! 2025 च्या जुलैमध्ये रशियातल्या कामचाटकाला 8.8 तीव्रतेचा भूकंप झाला, तेव्हाही जपानने सूचना दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कायम ठेवल्या. सुरुवातीच्या लाटा फुटा-दीड फुटाच्या होत्या. नंतर कुजी बंदरात 1.3 मीटरची नोंद झाली. आपल्याकडच्या काही वाहिन्या तोवर ‘धोका टळला’ म्हणून मोकळ्याही झाल्या होत्या.

हे झाले लाटांचे. पाणी शेतात शिरले तर काय, हा विषय माझ्या अधिक जवळचा आहे. मी अलिबाग तालुक्यातल्या खारेपाटातला, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून राखलेल्या जमिनीवरचा शेतकरी. त्सुनामी मी पाहिलेली नाही, ईश्वरकृपेने पाहायची वेळ येऊ नये. पण समुद्राचे पाणी शेतात आल्यावर काय होते ते आम्ही पिढ्यान् पिढ्या भोगत आलो आहोत. मी सातवीत होतो तेव्हा उधाणात आमच्या बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला. पाणी दोन दिवसांत उतरले, खांड पंधरा दिवसांत बांधली. गावाला वाटले, सुटलो. थंडी सरून ऊन तापू लागले तशी जमीन पांढरी पडायला लागली. वडिलांनी ढेकूळ उचलून जिभेला लावले, थुंकले आणि काही न बोलता घरी आले. त्या वर्षी रोप पिवळे पडून शेंड्यापासून जळत गेले. पुढच्या वर्षी अर्धे आले. तिसऱ्या वर्षी घरात पुरेसा तांदूळ आला. खांड वेळेवर बांधली गेली नाही अशी शेतेही आमच्याकडे आहेत. तिथे आता चिपीचे, म्हणजे खारफुटीचे, रान आहे.

हिशेब अगदी साधा आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असते. एका गुंठ्यात घोट्याइतके, म्हणजे दहा सेंटिमीटर पाणी साचून तिथेच सुकले, तर जवळपास साडेतीनशे किलो मीठ जमिनीवर पडते. एका गुंठ्यात! नुसते पडून राहत नाही. त्यातला सोडियम चिकणमातीला असा धरतो की जमीन घट्ट होते, पाणी खाली मुरत नाही आणि मीठ धुऊन जायची वाटच बंद होते. म्हणून जिप्सम टाकायचे, गोडे पाणी साठवून सोडायचे, पुन्हा साठवायचे, हिरवळीचे खत गाडायचे. पावसाने साथ दिली तरच हे साधते.

2004 साली नागपट्टिनममध्ये नेमके हेच झाले. तमिळनाडूतले जवळपास आठ हजार मृत्यू, त्यातले सहा हजारांहून जास्त त्या एका जिल्ह्यातले, त्यामुळे शेताकडे सुरुवातीला कुणाचे लक्ष जाणे शक्यच नव्हते. कावेरीच्या मुखाकडचा तो सपाट प्रदेश. डिसेंबरअखेर भात शेतात उभे होते, कापणी तोंडावर आली होती. समुद्राकडच्या उतारावरून पाणी लाटेबरोबर परत गेले, पण सखल बांधबंदिस्त शेतांत ते अडकून बसले. वर वाळू आणि गाळाचा थर. आधी तो खरवडायचा, मगच मातीचा विचार. 2005 च्या ईशान्य मोसमी पावसाने तिथे जोर धरला आणि बरेचसे मीठ धुतले गेले, हे त्या शेतकऱ्यांचे नशीब. विहिरींचे दुखणे आणखी वेगळे. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर हजारो विहिरी खाऱ्या झाल्या. लोकांनी पंप लावून त्या उपसल्या, तर काही ठिकाणी खालून आणखी खारे पाणी वर आले. जास्त उपसू नका, असे नंतर तज्ज्ञांना सांगावे लागले.

जपानमध्ये रिकुझेनताकाता गावच्या किनाऱ्यावर सुमारे सत्तर हजार पाइन वृक्षांची राई होती. त्यातले एकच झाड लाटेपुढे तगले. साऱ्या देशाने त्याला जपले. मुळांशी खारे पाणी गेलेले होते, ते काही निघेना, आणि वर्षभरानंतर, 2012 साली, झाड मेल्याचे जाहीर झाले. लाटेने ज्याला हात लावला नाही त्याला मिठाने मारले. खारेपाटातल्या माणसाला हे वाचून पोटात कालवते.

आणि कुठे कुठे पाणी परत जातच नाही. भूकंपाने जमीनच खचते. जपानच्या ओशिका द्वीपकल्पावर ती मीटरभराहून अधिक खचली आणि आसपासच्या बंदरगावांत नंतरही प्रत्येक मोठ्या भरतीला रस्त्यांवर पाणी येत राहिले. 2004 साली ग्रेट निकोबारच्या इंदिरा पॉइंटचा भाग चार मीटरहून अधिक खाली गेला. तिथला दीपस्तंभ, आपल्या देशाचे दक्षिण टोक, जमिनीवर होता तो पाण्यात आला. तिथला पूर ओसरला असे कोण म्हणेल?

आपल्या किनाऱ्याचा याच्याशी काय संबंध, असे कुणी विचारेल. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ भूकंप झाला आणि सकाळी आठ-सव्वाआठच्या सुमारास मुंबईत सुमारे दोन मीटरच्या लाटा आल्या. माणसे वाहून गेली. मधले जवळपास पाच तास कुणाला काही कळायचा मार्ग नव्हता. आज हैदराबादला इशारा केंद्र आहे, 2007 पासून ते काम करते, इशारा काही मिनिटांत निघतो. ओडिशात वेंकटरायपूर आणि नोलियासाही या गावांनी तयारी करून युनेस्कोची मान्यता मिळवली. इशारा मिळेल याची मला काळजी नाही. इशाऱ्यानंतर लोक किती वेळ वर थांबतील याची आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका शाळेत आपत्तीचा सराव झाला. भोंगा वाजला, मुले रांगेने गच्चीवर गेली, मोजणी झाली. वीस मिनिटांत सगळी खाली, बिस्किटे वाटली, फोटो काढले. ती मुले वीस मिनिटांनी खाली यायचे, एवढे पक्के शिकली. माझी नात त्यांच्यातच होती.

माझी विनंती दोन गोष्टींची. सराव घेणाऱ्यांनी ‘वर कधी जायचे’ याइतकेच ‘खाली कधी यायचे नाही’ हेही मुलांना आणि कोळीवाड्यातल्या मंडळींना सांगावे. पाणी मागे गेले, समुद्र शांत दिसला, होडी डोळ्यांसमोर भरकटते आहे, तरी प्रशासनाने सांगेपर्यंत उतरायचे नाही. दुसरे, खाऱ्या पाण्याचा पंचनामा एकदाच करून फाईल बंद करू नये. पाणी उतरल्यावर आठ दिवसांनी जमीन पाहिली तर ती ओली आणि चांगलीच दिसते. ती चैत्रात पाहा, आणि मग सलग तीन खरीप पाहा. आपण किनारपट्टीवर पुढचा लेख कराल तेव्हा एखाद्या बातमीदाराला चैत्रात आमच्याकडे जरूर पाठवा. खांड गेलेली शेते मी स्वतः बांधावरून फिरून दाखवीन.

आपला नम्र,
खारेपाटातील एक शेतकरी वाचक
(ता. अलिबाग, जि. रायगड)