नक्कल करणाऱ्यांनाही बसायला जागा द्या

संपादक महाशय,

गेल्या महिन्यात आमच्याकडच्या एका प्रदर्शनातून माझं तैलचित्र परत आलं. 'ही नक्कल आहे' हे कारण मला मान्यच आहे. चित्र माझं नाहीच मुळी. पण परत देताना 'नक्कल करून चित्रकला येत नसते' अशी पुस्तीही जोडली गेली. ती काही पटली नाही, म्हणून हे पत्र.

तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर मी तैलरंग हाती धरले आणि थेट फ्रेंच चित्रकार जाक-लुई दाविदचं १७९९ सालचं सॅबाइन स्त्रियांचं चित्र नकलायला घेतलं. रोमनांनी पळवून नेलेल्या या स्त्रिया माहेर-सासरच्या लढाईत मधे पडतात, तो प्रसंग. डावीकडे बाप टेटियस, उजवीकडे नवरा रोम्युलस, दोघेही शस्त्र उगारून; मधे हात पसरून उभी हर्सिलिया, पायाशी तान्ही पोरं, मागे भाल्यांचं रान. मूळ चित्र ३.८५ मीटर उंच, ५.२२ मीटर रुंद. माझा कॅनव्हास ३० बाय ४० इंची. प्रमाण राखून नकलेसाठी चौकोनी घरं आखली तर वर अर्ध्या इंचाची पट्टी उरली!

पहिला महिना वायाच गेला. आधी हर्सिलियाचा चेहरा पुरा केला, मग रोम्युलस, मग टेटियस. एकेक माणूस बरा, पण सगळे कापून चिकटवल्यासारखे. सगळं खरवडलं. दुसऱ्यांदा टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरने, म्हणजे गडद तपकिरी रंगाने, फक्त अंधार-उजेड मांडला, डोळे किलकिले करून. तेव्हा कुठे कळलं, की मागच्या सैनिकांना दाविदने चेहरे जेमतेमच दिलेत. गर्दी होते ती भाल्यांच्या रेघांनी; उजेड पुढच्या मोजक्या अंगांवर. हे मला कोणी नुसतं सांगितलं असतं तर मी मान डोलावून विसरले असते.

वरच्या थरात जवसाचं तेल खालच्यापेक्षा जास्त हवं, नाहीतर रंग तडकतो, हेही असंच चुकून शिकले. रोम्युलसच्या ढालीवर लांडगी आहे, तिच्या पाठीवरचा तडा अजून दिसतो. (दोघेही वीर विवस्त्र आहेत. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, ''निदान धोतर तरी नेसव.'')

पण छापील चित्रावरून रंग कुठे जाड, कुठे पातळ हे समजत नाही. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात १७९३ पासून लोकांना मूळ चित्रापुढे बसून नक्कल करू देतात. प्रतीचा आकार तेवढा वेगळा ठेवावा लागतो. आपल्याकडेही ते नवं नाही. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी तिथले शिक्षक ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली अजिंठ्यात बसून भित्तिचित्रांच्या प्रती केल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच १८८५ साली लंडनच्या आगीत गेल्या, पण करणाऱ्यांचा हात तर तयार झाला.

आपल्या सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात राजा रविवर्म्याची मूळ तैलचित्रं आहेत. अशा संग्रहालयांनी आठवड्यातली एखादी सकाळ माझ्यासारख्या वयस्क शिकाऊंसाठी राखावी, एवढीच विनंती. टर्पेंटाइनचा वास नको असेल तर नुसती पेन्सिल चालेल. स्टूल मी घरून आणीन.

आपली,
एक सेवानिवृत्त लिपिक, कराड