कंपोझिट डेकचा ओला आकडा मागायला हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या काही वर्षांत पुण्यातील नव्या गृहसंकुलांच्या पोडियमवर (म्हणजे पार्किंगच्या छतावरील मोकळ्या जागेत), गच्चीवरच्या बागांत, जलतरण तलावांच्या कडेने आणि बंगल्यांच्या व्हरांड्यांतही लाकडासारख्या दिसणाऱ्या कंपोझिट फळ्या, म्हणजे बाजारात ज्यांना सरसकट 'डब्ल्यूपीसी डेक' म्हणतात त्या, मोठ्या प्रमाणावर बसवल्या जात आहेत. त्या दिसायला देखण्या आहेत, त्यांना वाळवी लागत नाही आणि दरवर्षी पॉलिश करावे लागत नाही, हे सर्व खरे आहे. मात्र त्या ओल्या असताना पायाखाली किती घसरतात याचा आकडा खरेदीच्या वेळी कोणी मागत नाही. आमच्या सोसायटीच्या मॅनेजिंग कमिटीवर असताना मीही तो मागितला नव्हता, आणि त्याची किंमत माझ्या शेजारच्या काकूंनी मोजली. म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

आमच्या पोडियमवरील बागेभोवतीच्या फिरण्याच्या वाटेला पूर्वी सिमेंटच्या चौकटी असलेल्या चेकर्ड टाइल्स होत्या. त्या जुन्या दिसू लागल्या म्हणून डेक करायचे ठरले. सोसायटीच्या ऑफिसात कोटेशनबरोबर आलेला वीतभर लांबीचा नमुना आम्ही सर्वांनी हातात घेतला, बोटे फिरवली, लाकडाच्या रेषांसारखी नक्षी बोटांना लागली आणि पत्रकावर 'अँटी-स्किड' असे छापलेले होते, एवढ्यावर आमचे समाधान झाले. नमुना कोरडा होता. त्यावर ग्लासभर पाणी ओतून पाहावे, असे पाच जणांपैकी एकालाही सुचले नाही.

दुसऱ्या वर्षी श्रावणात सकाळी सातच्या सुमारास काकू नेहमीप्रमाणे परडी घेऊन पारिजातकाची फुले वेचायला गेल्या होत्या. रात्रभर भुरभुर पाऊस होता, आता थांबला होता. झाडाजवळच्या वळणावर त्यांची टाच पुढे सरकली, त्या मागच्या बाजूला पडल्या आणि तोल सावरायला टेकलेल्या उजव्या हाताचे मनगट मोडले. सत्तरीच्या बाईला शस्त्रक्रिया करून हाडाला धातूची पट्टी बसवावी लागली, आणि पुढचे कित्येक महिने त्यांना पोळी लाटता येत नव्हती की स्वतःची वेणी घालता येत नव्हती.

त्याच संध्याकाळी मी त्या वळणावर उकिडवी बसून फळ्या नीट पाहिल्या. पाणी फळीत अजिबात जिरले नव्हते. मण्यांसारखे थेंब आणि मधूनमधून काचेसारखा पातळ थर तसाच वर राहिला होता. वरच्या मजल्यावरच्या एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी जिथे पडत होते, तिथे फळीचा रंग किंचित गडद दिसत होता. नखाने खरवडल्यावर नखात हिरवट काळा, बुळबुळीत गाळ आला. उभ्याने पाहिले असते तर ती फळी कोणालाही स्वच्छच वाटली असती. कुजलेली फुले खाचांत बसून त्यांचाही चिकट लगदा झाला होता.

त्यानंतर या विषयाची जी माहिती मी मिळवली, ती वाचकांना उपयोगी पडावी. कंपोझिट फळी म्हणजे लाकडाचा भुसा किंवा भाताचे तूस आणि पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा पीव्हीसी यांचे मिश्रण गरम करून साच्यातून दाबून काढलेली पट्टी होय. काही फळ्यांवर निव्वळ प्लास्टिकचे वेष्टन असते. त्याने डाग आणि ओलावा आत शिरत नाही, पण त्याच कारणाने पाणी पृष्ठभागावरच रेंगाळते. वेष्टन नसलेल्या फळीत उघड्या राहिलेल्या भुशाला ओल लागते आणि सावलीच्या जागी त्यावर शेवाळे व बुरशी धरते. अस्सल लाकूडही ओले झाले की घसरते, तेव्हा दोष या एकाच वस्तूचा आहे असे मी म्हणत नाही. लाकडाबाबत आपण मुळातच सावध असतो. येथे मात्र 'देखभाल लागत नाही' हे वाक्य ऐकून आपण सावधपणा आणि खराटा दोन्ही बाजूला ठेवतो.

आम्ही फसलो ते नक्षीच्या बाबतीत. चालताना टाच प्रथम टेकते, आणि टाच व जमीन यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर सापडला तर पाय त्या थरावरच तरंगतो. हा थर भेदायला डोळ्यांना दिसणाऱ्या रेषा पुरत नाहीत; त्यासाठी पृष्ठभागाला अतिशय बारीक, टोकदार खडबडीतपणा लागतो. ब्रिटनमधील आरोग्य व सुरक्षा विभागाच्या मार्गदर्शनानुसार स्वच्छ पाण्यासाठी हा खडबडीतपणा सुमारे 20 मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी, पण तेवढा तरी असायला हवा. साच्यातून उठवलेली लाकडाची नक्षी कितीही खोल असली, तरी तिच्या उंचवट्यांचे माथे गुळगुळीत प्लास्टिकचे असतील तर पाय त्या माथ्यांवरूनच सरकतो. आपल्या आजीला हे तत्त्व पुरते ठाऊक होते. पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर वाटण सरकते, म्हणून टाकीवालीला बोलावून त्याला टाकी लावून घेतली जाई. फळीवरही रोजच्या पावलांनी तीच झीज होते, फक्त तिला टाकी लावायला कोणी येत नाही.

पुण्याचा पाऊस मुंबईच्या मानाने बराच कमी, म्हणून इकडे धोका कमी, असा युक्तिवादही आमच्या सभेत झाला. मला तो पटत नाही. मुसळधार सर फळी धुऊन तरी काढते. आपल्याकडे दिवसदिवस चालणारी भुरभुर आणि ऊन नसलेले ढगाळ आठवडे शेवाळ्याला फार मानवतात. शिवाय मृगाच्या पहिल्या शिडकाव्यात उन्हाळाभर साचलेल्या धुळीचा जो पातळ चिखल होतो, तो तर सर्वांत घातक असतो.

ही घसरण मोजता येते, आणि ती मोजण्याची रीत जुनी व साधी आहे. लंबकाच्या चाचणीत टोकाला रबर बसवलेला दांडा ठरलेल्या उंचीवरून सोडतात, तो पाण्याने भिजवलेल्या पृष्ठभागाला घासत पलीकडे जातो, आणि घासण्यात त्याचा जोर जितका कमी खर्च होईल तितका तो पलीकडे उंच चढतो. त्यावरून घर्षणाचा जो आकडा मिळतो तो 36 किंवा अधिक असेल तर घसरण्याची शक्यता कमी, 25 ते 35 असेल तर मध्यम आणि 24 किंवा त्याहून कमी असेल तर जास्त, असे ब्रिटनमध्ये धरले जाते. डेकच्या फळीवर ही चाचणी लांबीच्या दिशेने आणि आडवी अशी दोन्ही बाजूंनी करावी लागते, कारण खाचांमुळे दोन्ही आकडे वेगळे येऊ शकतात. पत्रकात त्यांतला चांगला तेवढाच छापलेला असेल, तर आपण नेमके कोणत्या दिशेने चालणार आहोत हे विचारायला हवे.

दुसरी रीत जर्मन आहे. तीत माणूस उतरत्या फळीवर चालतो आणि पाय घसरेपर्यंत उतार वाढवत नेतात. तिच्या एका प्रकारात बूट घालून तेलावर चालतात आणि आर-9 ते आर-13 असे दर्जे देतात. दुसऱ्यात साबणाच्या पाण्यावर अनवाणी चालतात आणि ए, बी, सी असे दर्जे देतात, ज्यांसाठी अनुक्रमे 12, 18 आणि 24 अंशांचा उतार पार करावा लागतो. आर-9 ऐकताना दहापैकी नऊ गुण मिळाल्यासारखे वाटते, पण ती त्या पट्टीवरची सर्वांत खालची पायरी आहे, हे दुकानात कोणी सांगत नाही. तलावाच्या कडेसाठी तर अनवाणी चाचणीचाच दर्जा मागायला हवा, कारण तेलावर चालणाऱ्या बुटांशी आपल्या ओल्या पावलांचा काही संबंध नाही. आणि चाचणी नव्या फळीची आहे की झिजवलेल्या फळीची, हेही विचारावे.

केंद्र सरकारच्या 2021 च्या सार्वत्रिक सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत चालण्याचा पृष्ठभाग घट्ट, सपाट आणि न घसरणारा असावा, असे म्हटले आहे. 'न घसरणारा' म्हणजे किती, हे मात्र निविदा काढणाऱ्याने आकड्यात लिहिले नाही, तर कंत्राटदार प्रत्येक फळीला न घसरणारीच म्हणणार. म्हणून महापालिकेच्या उद्यानांतील आणि नदीकाठच्या वाटांच्या निविदांतही ओल्या अवस्थेतील, दोन्ही दिशांचा आकडा लेखी मागितला जावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे दगावतात, आणि त्यांत साठीच्या पुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. सकाळी बागेत फिरायला येणारी माणसे बहुतांशी त्याच वयाची असतात.

आमच्या सोसायटीने आतापर्यंत काही गोष्टी केल्या आहेत. एसीच्या नळ्या पाइपाला जोडून घेतल्या. फळ्यांमधल्या बुजलेल्या फटी मोकळ्या केल्या, तेव्हा कळले की खालच्या स्लॅबला पुरेसा उतारच नव्हता आणि पाणी तिथेच तुंबत होते. ते काम अजून व्हायचे आहे. वळणावर आणि दोन पायऱ्यांच्या कडांना वाळूसारखा खडबडीत थर असलेल्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या, कारण नुसत्या चिकटवलेल्या पट्ट्या पहिल्याच पावसात सुटल्या होत्या. जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला ब्रशने फळ्यांच्या रेषेत घासून भरपूर पाण्याने धुणे सुरू केले आहे. सुरुवातीला साबण नीट न धुतल्याने वाट आणखी निसरडी झाली होती, हेही नमूद करते. या पट्ट्या दिसायला बऱ्या नाहीत, अशी तक्रार काही सभासदांनी केली. त्यांना मी काकूंच्या मनगटाचा एक्स-रे दाखवला.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत मी असा ठराव मांडणार आहे की, यापुढे कोणतीही फरशी, टाइल किंवा डेक घेताना ओल्या चाचणीचा अहवाल कोटेशनला जोडलेला असावा आणि नमुना भिजवून, रोजच्या वापरातली चप्पल घालून पाहिल्याशिवाय कमिटीने सही करू नये. पुण्यातील ज्या गृहसंस्थांनी आपल्या डेकची अशी चाचणी करून घेतली असेल, त्यांनी फळीचा प्रकार, ती बसवून झालेली वर्षे आणि आलेले आकडे आपल्या याच सदरातून कळवले, तर आमच्यासारख्या इतरांना खरेदीपूर्वी त्याचा आधार होईल.

आपली विश्वासू,
एका गृहसंस्थेची सभासद,
बाणेर, पुणे