रक्ताला सवलत आहे, पाण्याला नाही: मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,
स.न.वि.वि.

वर खात्याचं नाव लिहिलेलं नाही, ते विसरलो म्हणून नाही. गावच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड नावाचा क्षार आहे आणि तो आमची हाडं वाकवतोय, ही तक्रार घेऊन पाण्याच्या कचेरीत गेलो की म्हणतात, हाडांचा विषय आरोग्याचा. आरोग्यवाल्यांकडे गेलो की म्हणतात, बोअर ज्यानं मारली त्याला विचारा. ज्यानं मारली तो निवृत्त होऊन नातवंडं खेळवतो आहे. तेव्हा हे पत्र ज्या मंत्र्यांच्या टेबलावर पडेल त्यांनी ते आपल्यालाच आलं असं समजावं.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, पांढरकवड्याकडचा कास्तकार. सहा एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. मागच्या मंगळवारी माझी मुलगी केंद्रीय दलांच्या शिपाई भरतीच्या मेडिकलहून परत आली. लेखी पास. उंचीत बसली. मुलींना 1.6 किलोमीटरला साडेआठ मिनिटं असतात, ही आठ मिनिटं अकरा सेकंदांत आली. आणि मेडिकलच्या कागदावर दोन शब्द : नॉक नी. सरळ उभी राहिली की गुडघे चिकटतात आणि घोट्यांमध्ये फट राहते, म्हणून अपात्र. पोरगी घरी येऊन एवढंच म्हणाली, "बाबा, मी धावली ना पण."

तपासणाऱ्या डॉक्टरांवर माझा राग नाही. नियमात बसत नव्हती, त्यांनी लिहिलं. राग त्यांच्या पुढच्या वाक्यावर आहे. म्हणाले, "अनुवंशिक असेल, घराण्यात असतं असं."

घराण्याचंच सांगतो. मला दोन लेकरं. मोठी ही. धाकटा तिच्याहून तीन वर्षांनी लहान. तो सहा महिन्यांचा असताना त्याची आई आजारी पडली म्हणून त्याला मामाच्या गावी ठेवला, तो दहाव्या वर्षी परत आला. मामाचं गाव पैनगंगेच्या काठी, प्यायला उघड्या विहिरीचं पाणी. त्याचे दात पांढरे, पाय बाभळीच्या खुंटासारखे सरळ. हिचे दात पिवळे, मधे तपकिरी पट्टे, आणि पाय तुम्ही नापास केलेत तसे. आईबाप तेच, जेवणात तीच ज्वारी आणि तुरीचं वरण. फरक फक्त पाण्याचा. एवढा चोख प्रयोग तुमच्या प्रयोगशाळेतही झाला नसेल, आणि तो मी फुकटात करून दिला.

आमच्या गावाखाली जुना कठीण खडक आहे. त्यातल्या खनिजांतून फ्लोराइड पाण्यात उतरतं. पाणी जितकं खोल आणि जितकी वर्षं दगडात मुरलेलं, तितकं बहुतेक जास्त. आजोबा उथळ विहिरीचं आणि नाल्याच्या झिऱ्याचं पाणी प्यायले, सत्तरीत बैल हाकत होते. 1972 च्या दुष्काळानंतर सरकारनं गावोगाव मशिनी पाठवल्या आणि बोरिंग मारल्या. तेव्हा आम्ही त्या मशिनीला नारळ फोडला होता, हेही लिहितो, नाहीतर म्हणाल की कृतघ्न आहे. विहिरीच्या पाण्यानं हगवण लागायची, बोरिंगचं पाणी काचेसारखं. काचेसारखं पाणी वाईट असेल असं कुणाच्या मनात येणार? त्याला ना वास, ना चव.

पण हाडाला ते कळतं. फ्लोराइड हाडाच्या घडणीतच घुसतं. हाड दिसायला भरीव होतं, खरं तर ठिसूळ. वाढत्या लेकरांचं शरीर मोठ्यांपेक्षा ते जास्त धरून ठेवतं. दाताचं कवच घडतं ते पहिल्या सात-आठ वर्षांत, तेव्हा जो डाग बसला तो जन्माचा. आणि घरात दूधदुभतं नसेल, अंगात कॅल्शियम कमी असेल, तर गुडघे वाकतात. म्हणजे ज्याच्या ताटात कमी, त्याच्या पायात जास्त. शेजारच्या पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर, जाऊन बघा, मला शब्द खर्चायची गरज नाही.

पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड लिटरमागे 1 मिलिग्रॅमच्या आत हवं, दुसरा झराच नसेल तर फार तर 1.5. हे माझं नाही, भारतीय मानक आहे. आमच्या बोरिंगचा एक अहवाल 4.2 म्हणतो, दुसरा 2.8. कोणता खरा विचारलं तर साहेब म्हणाले, सरासरी धरा. मीही मग सरासरीनंच मोजलं. गावात 140 घरं. वही घेऊन फिरलो तर पिवळे दात 61 जणांचे भरले. नंतर कुणीतरी म्हणालं, पलीकडची आळी राहिली, ऊसतोडीला गेलेले राहिले. तर 100 धरा. चूक असेल तर तुमचा माणूस पाठवा मोजायला, चहा मी पाजतो. पण कोरा चहाही जपूनच प्या, त्यातही फ्लोराइड असतं म्हणतात.

आता माझं. तुमच्या आरोग्य शिबिरात फ्लोराइडनं हाडं आखडलीत का ते बघायला तीन गोष्टी करायला सांगतात : हनुवटी छातीला लावा, हात डोक्याच्या मागे न्या, वाकून पायाची बोटं धरा. मी 52 वर्षांचा आहे, तिन्हीत नापास. मान वळत नाही, मागून कुणी हाक मारली तर अख्खा माणूस फिरवावा लागतो. वाकता येत नाही म्हणून पऱ्हाटीतला कापूस बायको आणि मजूर वेचतात, मी धुऱ्यावर राखणदारासारखा उभा. गेल्या साली बैलजोडी विकली. सख्ख्या भावाच्या तेरवीला खाली पंगतीत बसता आलं नाही, खुर्ची मागितली, तर पाहुणे कुजबुजले की बघा, माज आला. हे सगळं मी कुणाला सांगत नव्हतो. मुलीच्या कागदानं तोंड उघडायला लावलं.

त्याच शिबिरात भिंतीवर कागद होता, 'पाणी उकळून प्या'. उकळल्यानं फ्लोराइड जात नाही महोदय. पाणी आटतं आणि ते आणखी दाट होतं. फ्लोराइडच्या गावात हा कागद कुणी लावला, त्याचा सत्कार करायची माझी इच्छा आहे.

नागपूरच्या नीरी या सरकारी संशोधन संस्थेनं तुरटी आणि चुना टाकून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत शोधली, त्याला पन्नासेक वर्षं होत आली. नागपूर इथून काही लंडन नाही, सकाळच्या एस्टीनं दुपारी पोचतो. 15 ऑगस्ट 2019 ला हर घर जल जाहीर झालं, मुदत 2024. मग मुदत 2028 झाली. आमच्याकडे नळ आला, खोटं कशाला बोलू. तोटी चकचकीत. टाकीत पाणी मात्र त्याच बोअरचं. पूर्वी बायको विष डोक्यावर आणायची, आता ते घरपोच येतं. शुद्धीकरणाचं यंत्र बसलं, फीत कापली, फोटो झाले, पुढच्या निवडणुकीआधी जाळी बदलू असा शब्द मिळाला. निवडणूक होऊन गेली. यंत्राच्या खोलीत आता सरपण ठेवतात.

आणि मापाचं विचाराल, तर तुमचं सरकार आम्हाला जन्मापासून मोजतंच आहे. अंगणवाडीत वजन, दंडाची पट्टी, उंचीचा तक्ता. तो तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा. त्यासाठी त्यांनी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली पोरं मोजली. बरं खाणं आणि बरी जागा मिळाली की पाच वर्षांपर्यंत सगळीकडची पोरं जवळजवळ सारखीच वाढतात, असं त्यांना दिसलं. आपली पोरं दिल्लीतली होती, सुखवस्तू घरांतली. म्हणजे भारतीय हाड मुळात खुजं नाही, हे तुमच्या अंगणवाडीच्या भिंतीवरच टांगलंय. तरी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के लेकरं वयाच्या मानानं बुटकी निघाली. ती मोजून कुठल्या फायलीत ठेवलीत?

शिपाई भरतीचे नियम मी तीनदा वाचले. उंचीला सवलत आहे : गढवालींना, डोगरांना, मराठ्यांना, आदिवासींना. इंग्रजांनी कोणती जात लढाऊ ठरवली त्याचा वास अजून त्या यादीला येतो, पण असो, ज्यांना मिळते त्यांना मिळो. रक्ताला सवलत आहे. पाण्याला नाही. फ्लोराइडच्या गावातून आलेल्या पोरीसाठी त्या कागदात एक ओळ नाही.

बरं, मग दिव्यांग म्हणून तरी धरा. 2016 च्या कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात फ्लोरोसिसचं, म्हणजे फ्लोराइडनं होणाऱ्या या आजाराचं, नाव नाही. हालचालीच्या अपंगत्वात बसवायचं तर 40 टक्के लागतात. हिचे तेवढे भरत नाहीत, ती तर धावते. सरकारच्या लेखी माझी मुलगी एका टेबलावर अधू आणि दुसऱ्या टेबलावर धडधाकट. दोन्ही टेबलं एकाच सरकारची.

मागण्या लिहायला बसलो होतो, त्या राहूनच गेल्या. नदीचं पाणी आणा. तोवर यंत्राची जाळी बदला. पोषण आहारात दूध द्या, रोज, फोटोपुरतं नको. हे पाणी पिऊ नका म्हणून बोरिंगला एकदा लाल रंग मारला होता, तो उडालाय, निदान तो तरी पुन्हा मारा.

फेरतपासणीची तारीख सोमवारची आहे. दोन वर्षांची मेहनत फुकट जाऊ नये म्हणून ती जाणार म्हणते. कुणीतरी मोबाईलवर सांगितलं की गुडघ्यांमध्ये उशी दाबून रोज उभं राहिलं की पाय सरळ होतात. डॉक्टर म्हणाले, वाढ संपल्यावर हाड कापूनच सरळ करावं लागतं. मी तिला हे अजून सांगितलेलं नाही. पत्र लिहितोय तेव्हा ती अंगणात उशी धरून उभी आहे, आणि धाकटा मोबाईलवर मिनिटं मोजतो आहे.

आपला,
एक कास्तकार
तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ