लेन दोंग हे लोकनृत्य नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवार पुरवणीतला व्हिएतनामच्या सहलीवरचा लेख वाचला. त्यात लेन दोंगला, म्हणजे अंगात देवता येण्याच्या तिथल्या विधीला, 'रंगीबेरंगी लोकनृत्य' म्हटलंय, ते मनाला लागलं. माझी लेक नोकरीसाठी हनोईत असते. गेल्या वर्षी दोन महिने तिच्याकडे होते, तेव्हा हा विधी मी देवळातही पाहिला आणि नाट्यगृहातही.

देवळात आरशासमोर मांडी घालून बसलेल्या बाईच्या डोक्यावर लाल वस्त्र टाकलं. चाउ वानची, म्हणजे देवतांना आळवायची गाणी सुरू झाली आणि वस्त्राखाली तिची मान डुलू लागली. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. तुळजापूरकडच्या माझ्या आजीच्या अंगात यायचं, तेव्हा तिची मान अशीच डुलायची! वस्त्र दूर झालं की सेवेकरी आलेल्या देवतेचा पोशाख चढवत: आकाशाचा लाल, रानाचा हिरवा, पाण्याचा पांढरा. मध्येच तिनं प्रसाद वाटला. माझ्या ओंजळीतही बिस्किटांचा पुडा पडला. शेजारच्या म्हातारीनं तो कपाळाला लावायची खूण केली.

उत्तर व्हिएतनाममध्ये 1954 नंतर हीच गोष्ट अंधश्रद्धा ठरली, तिच्यावर बंदी आली. लोक चोरून करत राहिले. 1986 च्या सुधारणांनंतर बंधनं सैल झाली, आणि डिसेंबर 2016 मध्ये त्याच देशाच्या प्रस्तावावरून लेन दोंग जिचा भाग आहे ती मातृदेवतांची उपासना युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेली. त्याच वर्षी तिथे झालेल्या श्रद्धा व धर्मविषयक कायद्यात श्रद्धेच्या आडून पैसा उकळायला मनाई आहे. हे मला फार पटतं. आपल्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यातही अंगात आल्याचं भासवून भीती घालणं हा गुन्हा आहे. देवीचा गोंधळ घालणं नाही.

पण जपायचं म्हणजे काय जपायचं? नाट्यगृहात पोशाख तेच, गाणीही तीच. प्रयोग ठरल्या वेळी संपला, टाळ्या पडल्या, दिवे लागले. कुणी हात जोडले नाहीत, कुणाच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. सरकारनं आधी बंदी घालून पाहिली, तरी म्हाताऱ्या बायकांनी ते टिकवलं. आता कौतुकाच्या भरात ते देवळातून रंगमंचावर गेलं, तर तिकिटं खपतील, पण त्या बायकांना विचारणार कोण? विधी कुठे, कधी, कसा करायचा हे त्या देवळातल्या माणसांच्याच हाती राहायला हवं.

लेखातला तो शब्द कृपया दुरुस्त करावा, ही विनंती. तिथे त्या दिवशी देवी आली होती.

— एक वाचक, सोलापूर