‘आधी सांग, कापतेस काय?’ असं विचारणाऱ्या मामांना

उद्यमनगरातल्या मोटर भरणाऱ्या मामांना,

सादर नमस्कार.

मामा, तोंडी आभार मानले की तुम्ही ‘असू दे, असू दे’ म्हणत पुढच्या मोटरकडे वळता. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांसमोर. घरच्या टेबलावर धातू कापायचं छोटं मिलिंग मशीन ठेवून काम करणारे आता पुष्कळ झालेत. कुणी मॉडेल इंजिनं बनवतं, कुणी घड्याळांचे भाग, कुणी माझ्यासारखं शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांचं सामान. कधी ना कधी त्यांची मोटर जळते, आणि त्या वेळी तुमच्यासारखं माणूस जवळ असेलच असं नाही. तुम्ही मला जे दाखवलंत ते त्यांच्यापर्यंतही पोचावं असं फार वाटतं.

माझ्या मशीनची मूळ मोटर 350 वॅटची, कार्बन ब्रशची डीसी. आर्मेचर, म्हणजे तिचा फिरणारा भाग, तुम्ही ग्रोलरवर (कॉइलमधला शॉर्ट शोधायच्या चुंबकी यंत्रावर) ठेवलंत, वर हॅकसॉचं जुनं पातं धरलंत आणि आर्मेचर हळूहळू फिरवत गेलात. एका खाचेवर पातं घर्रर्र करून थरथरायला लागलं. ‘इथं शॉर्ट आहे,’ एवढंच बोललात आणि पातं माझ्या हातात दिलंत. ती खेच मी बोटांनी अनुभवली. जळक्या वासावरून ‘मोटर गेली’ म्हणणं आणि नेमकी कुठली कॉइल गेली हे हाताला कळणं, यात किती अंतर आहे ते मला तेव्हा समजलं.

आर्मेचर भरून देणं, म्हणजे जळलेली तार काढून नवी गुंडाळणं, हा तर तुमचा रोजचा धंदा. तरी तुम्हीच म्हणालात, ‘भरून देतो, पण कंट्रोल बोर्ड पण गेलंय. नवं बोर्ड मिळेल, परत जाईल, परत माझ्याकडे येशील.’ फळीवर दुरुस्त केलेली एक हॉर्सपॉवरची मोटर होती, दोन पोलची, म्हणजे जास्त वेगाने फिरणारी. माझी नजर तिच्यावरच होती. ती तुम्ही मला विकली नाहीत. वर विचारलंत, ‘आधी सांग, कापतेस काय?’

या प्रश्नासाठी मी तुमची खरी ऋणी आहे. मोटर बदलायची म्हटलं की आपण वॅट आणि हॉर्सपॉवरच मोजत बसतो. तुम्ही मला पाटीवर लिहायला लावलंत: माल कुठला, कटर किती मिलिमीटरचा, सगळ्यांत मोठं ड्रिल कुठलं. मग गणित. माइल्ड स्टीलला एचएसएस (हाय-स्पीड स्टील) कटरचा वेग मिनिटाला 25 मीटर धरला, तर 10 मिमीच्या एंडमिल कटरला साधारण 800 आरपीएम (मिनिटाला फेरे) लागतात आणि 20 मिमीच्या ड्रिलला जेमतेम 400. माझं निम्मं काम अॅल्युमिनियम आणि पितळेचं, 6 मिमीच्या कटरवर, तिथं 2500 आरपीएम मिळाले तरी भागतं. आणखी वेग चालला असता, पण स्पिंडलच्या, म्हणजे कटर धरून फिरणाऱ्या दांड्याच्या, बेअरिंगची मर्यादा तुम्ही आधी बघितलीत. म्हणजे मला हवं होतं ते 300 ते 2500 आरपीएम, आणि खालच्या टोकाला भरपूर टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर.

दोन पोलची मोटर 2800 आरपीएमने पळते. ती 400 वर आणायची तर सातपट कपात करावी लागते. चार पोलची 1400 च्या आसपास चालते आणि तेवढ्याच हॉर्सपॉवरला तिचा टॉर्क दुप्पट असतो. तुम्ही सूत्र लिहून दिलंत: किलोवॅटला 9550 ने गुणा, आरपीएमने भागा. 0.37 किलोवॅट, म्हणजे अर्धा हॉर्सपॉवर, 1400 वर अडीच न्यूटन-मीटर देतो. अडीचास एक अशी पुली लावली की स्पिंडलवर सहाच्या वर. मग तुम्ही मशीनचा कॉलम धरून हलवलात. अख्खा कॉलम एका मोठ्या नटावर बसलेला. ‘याला एक हॉर्सपॉवर कशाला? कट घेण्याआधी मशीनच नाचेल.’ अर्धा हॉर्सपॉवर तिथंच ठरला.

प्रकार ठरवताना तुम्ही जेवढा वेळ दिलात तेवढा कुठल्याही दुकानदाराने दिला नसता. ट्रेडमिलची जुनी मोटर स्वस्तात मिळत होती. तिच्यावर छापलेला हॉर्सपॉवर बहुधा क्षणभराचा असतो, ती खूप वरच्या वेगाला पूर्ण ताकद देते आणि बहुतेक वेळा उघडी असते. अॅल्युमिनियमचा बरादा, ब्रश टेकतात त्या कम्युटेटरपर्यंत जायला वेळ लागत नाही. सिंगल फेज कपॅसिटर मोटरबद्दल तुम्ही सांगितलेली गोष्ट मला आधी कुणीच सांगितली नव्हती. तिचा टॉर्क सलग नसतो. 50 हर्ट्झच्या लाइनवर तो सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो आणि बारीक फिनिशच्या जॉबवर ती थरथर उमटते. शिवाय तिचा वेग व्हीएफडीने, म्हणजे फ्रिक्वेन्सी बदलून वेग बदलणाऱ्या ड्राइव्हने, नीट बदलता येत नाही, आत स्टार्टिंग कपॅसिटर आणि सेंट्रिफ्युगल स्विच असतो. तीन फेजची मोटर गुळगुळीत चालते, बंदिस्त असते, ब्रश नाहीत, आणि घरातल्या 230 व्होल्टच्या लाइनवर व्हीएफडी तिला तीन फेज करून देतो.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र उघड लिहायचं ठरवलं ती. मी आणलेल्या नव्या मोटरच्या नेमप्लेटवर 415 व्होल्ट, स्टार, 1.1 अँपिअर असं होतं. स्टार म्हणजे तिन्ही वाइंडिंगची एकेक टोकं आत एका ठिकाणी जोडलेली. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या मोटरी अशाच येतात. व्हीएफडीला 230 दिले की बाहेरही जास्तीत जास्त 230 च मिळतात. स्टारमधली 415 ची मोटर त्यावर फिरते, आवाजही बरा करते, पण टॉर्क तिसऱ्या हिश्श्यावर येतो. कट घेताना ती बसते आणि माणूस मोटरला किंवा ड्राइव्हला दोष देत राहतो. तीच मोटर डेल्टात, म्हणजे तिन्ही वाइंडिंग त्रिकोणात, जोडली की 240 ची होते आणि पूर्ण ताकद देते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा तारा असतील तर फक्त जोडपत्त्या बदलायच्या. माझ्या मोटरच्या बॉक्समध्ये तीनच होत्या.

तुम्ही मोटर उघडलीत. वाइंडिंगच्या टोकाला दोऱ्याने बांधलेल्या जुडग्यात स्टार पॉइंट कुठं दडलाय ते बोटाने चाचपून काढलंत, दोरा ब्लेडने कापलात, स्लीव्ह मागे सारलीत, आणि एकत्र वळून डाग दिलेली तीन टोकं बाहेर आली. एकेक सुटी करून, मीटरने जोड्या लावून, प्रत्येकीला नवी तार आणि नवी स्लीव्ह. परत दोरा, परत वार्निश, ओव्हन. शेवटी 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) लावून बॉडीशी कुठं लागत नाही ना ते बघितलंत. नव्या कोऱ्या मोटरला कात्री लागताना माझा जीव वर-खाली होत होता. तुमचा हात मात्र जराही घाईत नव्हता. दुकानात शिकणाऱ्या पोराला तुम्ही प्रत्येक पायरीला ‘का?’ विचारत होता, आणि त्याच्या उत्तरांतून मीही शिकत होते.

ड्राइव्हमध्ये भरायचे आकडेही तुमच्याच हातचे आहेत. डेल्टात करंट 1.732 पट होतो, म्हणून ओव्हरलोडला 1.1 नाही, 1.9. बेस व्होल्टेज 230, बेस फ्रिक्वेन्सी 50. चालवायचं 25 ते 75 हर्ट्झच्या दरम्यान. 50 च्या वर टॉर्क कमी होत जातो, आणि 25 च्या खाली मोटरच्या शाफ्टवरचा पंखाच इतका हळू फिरतो की ती तापते. त्याखालचा वेग हवा असेल तर नॉब पिळायचा नाही, पट्टा दुसऱ्या पुलीवर टाकायचा. मोठ्या कपातीवर साधारण 260 ते 850, दुसरीवर 800 ते 2500. जे जे मी कापते ते सगळं यात बसतं. पट्टा आल्याने मशीनमधले जुने प्लॅस्टिकचे गिअर निघून गेले, त्यामुळे मशीनचा आवाजही निम्म्यावर आलाय.

आणि लाइट जाऊन परत आल्यावर ड्राइव्हने आपोआप मोटर सुरू करू नये, ते सेटिंग तुम्ही माझ्यासमोर मेन स्विच पाडून तपासायला लावलंत. आपल्या भागात हे फार महत्त्वाचं आहे. हात कटरजवळ असताना लाइट आली तर काय होईल याचा विचार मशीनसोबतच्या कुठल्याच कागदावर नव्हता. ड्राइव्ह आणि मोटरच्या मध्ये स्विच टाकायचा नाही, उलट-सुलट ड्राइव्हच्या टर्मिनलवरूनच करायचं, अर्थिंग मोटरच्या बॉडीपासून ड्राइव्हपर्यंत सलग हवी, आणि लाइन बंद केल्यावरही आतले कपॅसिटर उतरेपर्यंत झाकण उघडायचं नाही. हे मी ठळक अक्षरांत मशीनच्या मागे चिकटवून ठेवलंय.

बसवण्याचं काम तसं सरळ झालं. 71 फ्रेमची मोटर, पुढच्या बाजूला फ्लँज, 14 मिमीचा शाफ्ट, 70 मिमीचा स्पिगॉट (प्लेटच्या भोकात बसणारा गोल उंचवटा), 85 मिमीच्या पीसीडीवर (बोल्टच्या वर्तुळावर) एम6 चे चार बोल्ट. ही मापं ठरलेली असतात, त्यामुळे उद्या ही मोटर गेली तर दुसऱ्या कुठल्याही कंपनीची त्याच प्लेटवर बसेल. कंपनी न बघता फ्रेम बघायला तुम्ही सांगितलंत ते याचसाठी. प्लेट 12 मिमी अॅल्युमिनियमची, शेजारच्या टर्नरदादांनी स्पिगॉटची जागा अशी नेमकी काढून दिली की मोटर हाताच्या दाबाने बसली. त्यांचेही आभार.

वजनाचं मात्र तुम्हीच ओळखलंत. फोटो बघून म्हणालात, ‘हेड खाली बसणार बघ.’ जुन्या मोटरच्या मानाने ही जड, आणि हेड उचलून धरणारी स्प्रिंग जुन्याच वजनाची. आता तिथे गाडीच्या डिकीला असतो तसा गॅसचा शॉकअप लावलाय आणि हेड जिथे सोडावं तिथे थांबतं. पंख्याची जाळी खालच्या बाजूला येत असल्याने बरादा उडून आत जाऊ नये म्हणून पत्र्याचा आडोसाही केलाय, हवेला वाट ठेवून.

स्टार पॉइंट सोडवण्याचे पैसे तुम्ही घेतलेत, ते योग्यच होतं. पण पाटीवरचं गणित, फळीवरची मोटर न विकणं, फोनवरून दिलेली उत्तरं, याचे काही घेतले नाहीत. विचारलं तर म्हणालात, ‘सांगायचे कसले पैसे?’ मामा, सांगण्यातच सगळं होतं. तुम्ही तीस सेकंदांत मोटर विकून मोकळे झाला असता तर मी ती आनंदाने घरी नेली असती.

तुमच्या दुकानातल्या पोराला स्टार-डेल्टाची आकृती आणि ड्राइव्हचे आकडे वहीत उतरवून हवे होते. ते मी मराठीत नीट लिहून काढलेत, माझ्या मोटरच्या फोटोंसकट. सोमवारी दुकान बंद असतं हे माहीत आहे, म्हणून मंगळवारी घेऊन येते. सोबत पितळेचे टर्मिनलचे लग आणतेय, तुम्हाला बाजारात जाड पत्र्याचे मिळत नव्हते ते. याच मशीनवर केलेत. भोकं तुमच्या बोल्टच्या मापाची आहेत, बसतात का बघा, नाहीतर बदलून देते.

आपली कृतज्ञ,
प्रयोगशाळेचं सामान बनवणारी तुमची भाची