डॉक्टर मॅडम, तुमचं थर्मामीटर माझ्याकडेच आहे

नमस्कार मॅडम,

पोळ्याच्या दिवशी डुकरांसाठी डॉक्टर बोलावणारा उमरेड तालुक्यात मीच पहिला असेन. सारं गाव बैल सजवण्यात गुंतलेलं आणि तुम्ही चिखल तुडवत माझ्या शेडपर्यंत आलात.

चार डुकरं खाणं सोडून कोपऱ्यात एकमेकांवर पडलेली, अंगावर लाल चट्टे. स्वाइन फीवर, म्हणजे डुकरांचा जीवघेणा साथीचा ताप आला, सगळं संपलं, असं मी घरी सांगून मोकळा झालो होतो. उरलेली धडधाकट दिसतात तोवर उचलून ने, असा व्यापाऱ्याला फोनही केला होता. हे तुम्हाला सांगताना मान वर होत नव्हती. तुम्ही रागावला नाहीत. "आधी त्याला नको म्हणा, मग बोलू," एवढंच.

मग विचारलंत, "हाताला जखम आहे का?" होती, विळ्याची. हातमोजे घालायला लावलेत आणि माझा हात मादीच्या पाठीवरून फिरवलात. चट्टे उंच आलेले, शंकरपाळ्याच्या आकाराचे. एरिसिपेलस, डुकरांचा जिवाणूंमुळे होणारा आजार. पेनिसिलिननं उतरतो, पण लवकर द्यावं लागतं. आणि जखमेतून माणसालाही होतो. ताप १०६ होता, जिथं १०२-१०३ असायला हवा. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याचे पोट्टे लाकडी बैल ओढत दारावरून गेले, तेव्हा मादी उठून कोंडा खात होती.

तरी रक्ताचे नमुने नेलेत. साधा स्वाइन फीवर आणि २०२० साली आसामात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीवर, हे दोन्ही नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत, प्रयोगशाळाच सांगते, हे तेव्हा कळलं. पहिल्याला लस आहे, ती आता टोचून घेतली. दुसऱ्यावर औषधच नाही आणि तो उष्ट्यातूनही येतो, म्हणून हॉटेलचं उष्टं अर्धा तास खळखळ उकळल्याशिवाय देत नाही. जळणाचा खर्च वाढला, बायको रोज ऐकवते. नवं जनावर आणलं की महिनाभर वेगळं बांधतो.

त्या मादीला परवा दहा पिल्लं झाली. डुकरिणीच्या दुधात लोह कमी असतं, हे तुमचं वाक्य लक्षात होतं. आज, तिसऱ्या दिवशी, पिल्लांना लोहाचं इंजेक्शन मीच दिलं. पहिल्या दोघांना देताना हात थरथरला.

थर्मामीटर परत करायचं राहून गेलं. इकडं आलात तर घेऊन जा, मी नवं घेतलंय.

तुमचा,
एक वराहपालक